मिल्किंग मशिन धुण्याचा संच: कोणत्या डब्याचे पैसे वसूल होतात

बकेट मिल्किंग मशिन घेतलं की दुकानदार सोबत धुण्याचा संचही पुढे सरकवतो. एक अल्कलीचा डबा, एक अ‍ॅसिडचा, ‘सॅनिटायझर’ लिहिलेली हायपोक्लोराइटची बाटली, तीन ब्रश, सड बुडवायचा कप आणि त्यात घालायचं आयोडीन. कंपनी बदलली की डब्यांचे रंग बदलतात, आतला माल फारसा बदलत नाही. म्हणून इथे एकाही कंपनीचं नाव नाही. प्रत्येक डब्याचा हिशोब मात्र वेगवेगळा मांडला आहे. दहा-पंधरा गाई, दोन वेळची धार आणि एक किंवा दोन क्लस्टरचं (क्लस्टर म्हणजे सडांना लावायच्या चार कपांचा जोड) मशिन एवढं गृहीत धरलं आहे. पाइपलाइन पार्लरचं गणित निराळं.

निकाल आधीच सांगायचा तर, संचातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे ब्रश, आणि सगळ्यात जास्त काम तेच करतात. त्यांच्या मागोमाग अल्कली. जिच्यावर सगळ्यात ठळक अक्षरात ‘जंतू नष्ट’ छापलेलं असतं त्या बाटलीचा नंबर शेवटचा, आणि ती संचातून घेण्याची गरजही नाही.

असं का, ते लायनरमध्ये, म्हणजे कपातल्या सडावर बसणाऱ्या रबरी नळीत, करंगळी फिरवली की कळतं. बोटाला बुळबुळीत लागलं तर ते नुसतं राहिलेलं दूध नव्हे. जंतू आधी रबराला चिकटतात, मग स्वतःभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचा आणि प्रथिनांचा चिकटा सोडतात आणि त्या चिकट्यात वस्ती करून राहतात. याला बायोफिल्म म्हणतात. जनावरांच्या हौदाच्या आतल्या कडेला हात लावल्यावर जे निसरडं लागतं, तेही याच जातीचं. क्लोरीन ओतलं तर ते वरच्या चिकट्याशी आणि दुधाच्या अंशाशी झुंजण्यातच संपून जातं, तळापर्यंत पोचतच नाही. शिवाय तळातले जंतू मंद वाढणारे, सुस्त असतात. औषधाचा परिणाम त्यांच्यावर कमी होतो. सकाळी धुतलेलं मशिन दहा-बारा तास गोठ्यातल्या उबेत ओलं पडलं की संध्याकाळपर्यंत तळातून पुन्हा थर उभा राहतो, आणि त्याचे सुटलेले तुकडे पुढच्या धारेला दुधात आणि सडाच्या तोंडाशी जातात. तेव्हा क्रम एकच: आधी थर काढायचा, मग जंतू मारायचे. उलट केलं तर बाटली रिकामी होते आणि दगडी, म्हणजे कासेची सूज, तशीच राहते.

अल्कलीचा डबा

दुधातली चरबी आणि प्रथिनं सोडवायचं काम याचं. लेबलवर सोडियम हायड्रॉक्साइड किंवा मेटासिलिकेट, फॉस्फेट किंवा ईडीटीएसारखं जड पाणी बांधून ठेवणारं द्रव्य, आणि शक्यतो क्लोरीन देणारं एखादं द्रव्य असेल तर माल बरा. अल्कलीतलं क्लोरीन तिथे जंतू मारायला नसतं, ते प्रथिनांचा पापुद्रा सुटा करतं. त्यामुळे ‘क्लोरिनेटेड’ लिहिलेला डबा थोडा महाग पडला तरी घ्यावा. नुसता धुण्याचा सोडा स्वस्त आहे खरा, पण बोअरच्या जड पाण्यात त्याचा पांढरा साका बसतो आणि धुतलेल्या नळीत नवी पुटं चढतात. कपड्यांची किंवा भांड्यांची पावडर तर नकोच. तिला फेस फार येतो, मशिनच्या व्हॅक्यूमने तो फेस ओढला जाऊन ट्रॅपमध्ये (पंपाआधी पाणी अडवणाऱ्या टाकीत) जातो आणि तिचा वास दुधाला लागतो.

प्रमाण बहुतेक डब्यांवर अर्धा ते एक टक्का असतं, म्हणजे १० लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम. झाकणाने अंदाजे टाकायची सवय असेल तर एकदा पीएच पट्टी बुडवून बघा. ११ ते १२ हवा. १० च्या खाली असेल तर नुसतं कोमट पाणी फिरवल्यासारखंच आहे.

खरी मेख मात्र तापमानात आहे. डब्यावर ‘गरम पाणी’ एवढंच लिहून कंपन्या मोकळ्या होतात. अल्कलीचं पाणी आत जाताना ७० ते ७५ अंश हवं आणि धुणं संपताना ४५ च्या खाली गेलेलं नको, कारण खाली गेलं की सुटलेली चरबी पुन्हा भिंतीला बसते. बंबातलं उकळतं पाणी १३ लिटर आणि साधं ७ लिटर मिसळलं की २० लिटर पाणी साधारण ७५ अंशांचं होतं. थंडीत साधं पाणीच गार असतं, तेव्हा एखादा लिटर उकळतं जास्त घ्यावं. सोलरचं पाणी ढगाळ दिवसात ५० लाही पोचत नाही. पावसाळ्यात मशिनला वास येऊ लागतो आणि दोष डब्याला दिला जातो, तेव्हा आधी थर्मामीटर बुडवून बघावा. थर्मामीटर कोणत्याच संचात नसतो, ही या संचांची सगळ्यात मोठी उणीव.

त्याच्या उलट, पहिलं विसळणं कडक पाण्याने करणं ही सर्रास होणारी चूक. दुधातली मठ्ठ्याची प्रथिनं ६५-७० अंशांच्या पुढे आकसून भिंतीला चिकटतात, दुधाच्या पातेल्याला तळाशी धरतं तसं. म्हणून धार संपली की लगेच ३८ ते ४५ अंशांच्या पाण्याने, बाहेर येणारं पाणी नितळ दिसेपर्यंत विसळायचं. ४ लिटर उकळतं आणि १६ लिटर साधं, असं मिसळलं की ४० अंशांच्या आसपास येतं. दूध वाळल्यावर विसळण्यात अर्थ नाही. डेअरीला दूध घालून येऊ, चहा घेऊ आणि मग धुऊ, या तासाभरातच निम्मं काम बिघडतं.

धुताना मशिन चालूच ठेवायचं. क्लस्टरचे चारही कप अल्कलीच्या बादलीत बुडवून पाणी ओढू द्यायचं आणि मधूनमधून कप पाण्याबाहेर काढून हवा ओढू द्यायची. हवा-पाण्याचे आळीपाळीने जाणारे हे घोट नळीच्या भिंतीला घासत जातात. संथ भरून वाहणारं पाणी तसं घासत नाही. ८ ते १० मिनिटं पुरेत. मग साध्या पाण्याने विसळून घ्यायचं.

एक सावधगिरी लेबलवर बारीक अक्षरात असते, ती मोठ्याने सांगायला हवी. कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) असलेली अल्कली अ‍ॅल्युमिनियमच्या दुधाच्या कॅनला लावू नये. कॅन काळा पडतो, धातू झिजतो, खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत जंतूंची कायमची सोय होते. अ‍ॅल्युमिनियमसाठी सिलिकेट असलेली सौम्य अल्कली वेगळी ठेवावी. मशिनची बादली स्टीलची असेल तर काळजी नाही.

अ‍ॅसिडचा डबा

हा रोज लागतो असं विक्रेता सांगतो. ते पाण्यावर अवलंबून आहे. अल्कली चरबी-प्रथिनं काढते, पण दुधातला कॅल्शियम फॉस्फेट आणि जड पाण्यातला चुना तिला हलत नाही. उलट गरम आणि अल्कलीयुक्त पाण्यात तोच साका जास्त बसतो. डेअरीवाले या थराला मिल्कस्टोन म्हणतात. हात लावल्यावर खरखरीत, वाळल्यावर पांढुरका किंवा पिवळसर दिसतो. त्याच्या खाचाखोचांत बायोफिल्म असा काही धरून बसतो की ब्रशही वरूनच फिरतो.

दख्खनच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बरेचदा जड असतं. घरातल्या पाणी तापवायच्या रॉडवर पांढरी खपली धरत असेल, तर अ‍ॅसिड एक दिवसाआड घ्यावं; फारच जड असेल तर रोज. नदीचं किंवा पावसाचं साठवलेलं मऊ पाणी असेल तर आठवड्यातून एकदा पुरतं, आणि मग एक डबा कितीतरी महिने जातो. फॉस्फोरिक अ‍ॅसिडवरचा माल निवडावा. नायट्रिक असलेला मिल्कस्टोनवर भारी पडतो, पण रबराला जास्त खातो. दुकानातलं फरशीचं अ‍ॅसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, स्टीलला डाग आणि खड्डे पाडतं. ते गोठ्यातही आणू नये. तयार द्रावणाचा पीएच ३ च्या आसपास हवा. डबा अ‍ॅसिडचा आणि पट्टी ५ दाखवते, तर पाण्याच्या जडपणाने अ‍ॅसिड खाल्लं असं समजून माप वाढवायचं. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: अ‍ॅसिड आणि हायपोक्लोराइट, किंवा अ‍ॅसिड आणि क्लोरिनेटेड अल्कली, एकाच बादलीत कधीच नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत दोन श्वासही पुरे होतात. दोन धुण्यांच्या मध्ये साध्या पाण्याने विसळणं एवढ्यासाठीच आहे. काही संचांत दोन्ही डबे एकाच रंगाच्या झाकणाचे असतात, त्या कंपनीला याबद्दल गुण कमी. डब्यातलं द्रव कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवू नये. घरात पोरं असतात. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा संचात सहसा नसतो, तो वेगळा घ्यावा. अल्कलीचा एक थेंब डोळ्याला अ‍ॅसिडपेक्षाही वाईट, कारण तो आत शिरत जातो.

ब्रश

संचातले तीन ब्रश म्हणजे लायनरचा, क्लॉचा (चारही कपांचं दूध जिथे एकत्र येतं त्या वाटीचा) आणि लांब दूधनळीचा लवचिक तारेच्या दांड्याचा. नायलॉनचे केस हवेत. स्टीलची घासणी किंवा तारेचा ब्रश बादलीला लागला की बारीक ओरखडे पडतात, आणि जंतूला ओरखडा म्हणजे दरी. लांब नळीचा ब्रश नळीपेक्षा आखूड निघाला तर तो परत करा, कारण मधलं अर्ध्या हाताचं अंतर कायम न घासलेलं राहतं. बऱ्याच स्वस्त संचांत हेच घडतं. नळ्या आणि क्लॉ आठवड्यातून एकदा पूर्ण सुटे करून घासावेत, लायनर रोज.

घासताना डोळा कुठे ठेवायचा? बादलीच्या झाकणाच्या रबरी कड्याखाली, व्हॅक्यूम झडपेच्या पापुद्र्यामागे, लायनर क्लॉला जोडतो त्या टोकाशी आणि क्लॉवरच्या सुईएवढ्या हवेच्या छिद्रात. हे छिद्र बुजलं की क्लॉमधलं दूध पुढे सरकत नाही, क्लॉ भरतो आणि सडाची टोकं त्याच दुधात बुडून राहतात. एका सडातले जंतू दुसऱ्या तीन सडांना असे पोचतात. छिद्र सुईने टोकरून मोठं करू नये. गरम पाण्यात भिजवून मऊ केसाने साफ करावं.

लायनर फाटलं की दूध पल्सेटरच्या (लायनर आळीपाळीने दाबणाऱ्या-सोडणाऱ्या भागाच्या) नळीतून व्हॅक्यूमच्या लाइनमध्ये शिरतं आणि तिथे आठवडेच्या आठवडे कुजतं. संच विकणारा याबद्दल बोलत नाही, कारण तो पाइप त्याच्या ब्रशच्या आवाक्यात नसतो. महिन्यातून एकदा लाइनमधून कोमट अल्कली ओढून घ्यावी. पाणी ट्रॅपच्या टाकीत मावेल तेवढंच. त्याहून जास्त ओढलं तर ते पंपात जाईल आणि पंपाची पाती आणि तेल दोन्ही वाया जाईल. ट्रॅप रिकामा करून मशिन थोडा वेळ कोरडं चालवायचं.

सॅनिटायझरची बाटली

हिचा उपयोग आहे, पण तो फक्त स्वच्छ झालेल्या मशिनवर, धार काढण्याच्या आधी अर्ध्या तासाच्या आत. ओलसर नळीत रात्रभरात जे वाढलं असेल ते मारायला २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) क्लोरीन पुरतं. हिशोब असा: २० लिटर पाण्यात २०० पीपीएम म्हणजे ४ ग्रॅम क्लोरीन. बाटली ४ टक्क्यांची असेल तर १०० मिली, १० टक्क्यांची असेल तर ४० मिली. संचातली बाटली आणि केमिकलच्या दुकानातलं सोडियम हायपोक्लोराइट यांत सुगंध सोडला तर फरक नाही, आणि सुगंध दुधाला नकोच. मात्र १० टक्क्यांचं द्रव उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलं तर काही महिन्यांत बरंच उतरतं. तारीख बघून लहान कॅन घ्यावा, सावलीत ठेवावा आणि क्लोरीनच्या पट्टीने खात्री करावी. धार सुरू करण्याआधी मशिन नीट निथळू द्यावं.

क्लोरीनचं माप वाढवून थर निघत नाही, रबर मात्र लवकर सुटतं. लायनरला बोट लावल्यावर काळं लागत असेल, तर ते रबर विरघळतंय. ‘जास्त घातलेलं बरं’ हा हिशोब इथे उलटा बसतो.

काही संचांत हायपोक्लोराइटऐवजी क्वाटर्नरी अमोनियमची बाटली असते. ती वासाला सुसह्य आहे, धातूला खात नाही. पण तिचा अंश पृष्ठभागावर चिकटून राहतो, जड पाण्यात आणि साबणाच्या अंशात तिची धार बोथट होते, आणि दुधात गेली तर विरजणाचे जंतूही मारते. घरच्या दुधाचं दही अचानक लागेनासं झालं, तर आधी ही बाटली आणि मग गाईला दिलेलं अँटिबायोटिक, असा तपास करावा.

अलीकडे ‘बायोफिल्म काढणारं एन्झाइम’ म्हणूनही महागडी पाकिटं येतात. तत्त्व बरोबर आहे, एन्झाइम चिकट्याचा सांगाडा तोडतं. पण त्याला ४०-५० अंशांचं पाणी आणि लेबलवरचा पीएच लागतो, ७५ अंशांत ते स्वतःच शिजतं आणि क्लोरीनने मरतं. दहा गाईंच्या गोठ्यात हा खर्च नवीन लायनरवर केलेला जास्त बरा.

सड बुडवायचा कप आणि आयोडीन

धार संपल्यावर सडाचं तोंड उघडं राहतं, म्हणून शेवटी सड बुडवणं हे संचातलं ब्रशइतकंच मोलाचं काम. लेबलवर उपलब्ध आयोडीन ०.५ टक्के आणि सोबत ग्लिसरीन हवं. ग्लिसरीन नसेल तर सडाला भेगा पडतात आणि भेगांत स्टॅफिलोकोकस ऑरिअस हा दगडीचा जंतू राहतो. मेडिकलमधलं ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन म्हणजे ०.५ टक्के उपलब्ध आयोडीनच, हे ठाऊक असलं की ‘५ टक्के’ वाचून त्यात पाणी घालण्याचा मोह होत नाही. त्याच्या ९ भागांत १ भाग ग्लिसरीन मिसळलं की काम भागतं.

कप परत न वाहणारा असावा, म्हणजे सडाला लागून आलेलं आयोडीन पुन्हा बाटलीत न जाणारा. संचात बरेचदा साधा उघडा कप असतो. त्याला गुण नाहीत. शेणाचा कण पडला, रंग फिका झाला, की कपातलं टाकून द्यायचं. उरलेलं बाटलीत ओतणाऱ्याने बाटलीतच जंतू पाळले; स्यूडोमोनास तर अशा ओल्या, फिक्या पडलेल्या द्रावणातही तग धरतो. धारेआधी कास पुसायला एक बादली आणि एकच फडकं सगळ्या गाईंना वापरत असाल, तर महागातलं आयोडीनही ते भरून काढणार नाही. गाईगणिक वेगळं कोरडं फडकं किंवा कागद घ्यावा.

मधल्या मधे क्लस्टर जंतुनाशकाच्या बादलीत बुडवून पुढच्या गाईला लावा, असा सल्ला माहितीपत्रकात असतो. तीन-चार गाईंनंतर त्या बादलीत दूध-शेण मिसळून क्लोरीन संपलेलं असतं. त्यापेक्षा दगडीची गाय शेवटी लावावी. स्टॅफ ऑरिअस कासेच्या आतही असाच थर धरून राहतो; म्हणून अँटिबायोटिकने सूज उतरते आणि काही दिवसांनी तोच सड पुन्हा बसतो. अशा जुन्या गाईवर कोणताही संच उपाय नाही, फक्त बाकीच्यांना लागण होऊ नये एवढंच यातून साधतं.

संचात नसलेलं लायनर

साध्या रबराचं लायनर २,५०० धारांनंतर बदलायचं. १२ गाई, दोन वेळ, एक क्लस्टर असेल तर रोज २४ धारा, म्हणजे १०४ दिवस. दोन क्लस्टर असतील तर २०८ दिवस होतात, पण सहा महिन्यांच्या पुढे रबर आपोआप सैलावतं आणि चिरतं, म्हणून तिथेच थांबायचं. डोळ्याला न दिसणाऱ्या चिरांत अल्कली पोचत नाही, ब्रशही नाही. धुऊन उन्हात वाळत घालणं ही आपल्याकडची सवय. भांड्याला ती चांगली, रबराला नाही. सावलीत, तोंड खाली करून टांगावं, कारण कोरड्या नळीत थर वाढत नाही.

संच काम करतोय की नाही हे ताडून बघायला वाळलेल्या बादलीत पाणी टाका. पाणी सलग चादरीसारखं ओघळलं तर ठीक. थेंब थेंब होऊन राहिलं तर चरबी शिल्लक आहे, अल्कलीचं तापमान कमी पडतंय. स्टीलवर निळसर-इंद्रधनुषी झाक दिसली तर प्रथिनं. क्लोरिनेटेड अल्कली हवी. पांढरी पूड दिसली तर अ‍ॅसिडची पाळी चुकली. पक्की खात्री हवी असेल तर डेअरीत मिथिलीन ब्लूची चाचणी करून घ्यावी: निळा रंग ५ तास किंवा जास्त टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात गेला तर अगदी वाईट. संच आणण्याआधी एकदा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, त्याच वेळच्या धारेचा नमुना द्यावा. गाईंची कास आधीच सुजलेली असेल तर एकट्या मशिनला दोष देता येणार नाही, म्हणून सोबत सीएमटीने (दगडी ओळखायच्या कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टने) प्रत्येक सडाचं दूधही तपासावं.

धुवणाचं पाणी गोबर गॅसच्या टाकीत सोडू नका. क्लोरीनला गॅस करणारे जंतू आणि दगडीचे जंतू यांतला फरक कळत नाही, आणि आठवडाभर शेगडी पेटत नाही.